दळवीचा हात

भूत, भानामती, राखणदार... या विषयांवर आमच्या घरात सगळ्यात जास्त फिदीफिदी हसणारी मीच. साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी चेकिंगला आहे, जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण हे मी भर सकाळी, पूर्ण शुद्धीत पाहिलंय.

आम्ही बोरिवली वेस्टला राहतो, गोराई खाडी चालत जाण्याच्या अंतरावर. बाबा मूळचे मालवणकडचे. रिटायर झाल्यापासून त्यांचा एकच शौक – रविवारी ओहोटीला खाडीवर जायचं, तिवरांच्या झाडांच्या कडेने चिखलात खेकड्यांची बिळं शोधायची आणि हात घालून कुर्ल्या काढायच्या. मी बाजूला शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायचे. बिळात हात घालण्याआधी बाबा वाकून खाडीच्या राखणदाराला सांगायचे, "राखणदारा, एक नेतंय हां." एका बिळातून एकच. मी त्यावरून त्यांची भरपूर टिंगल करायचे.

वरच्या मजल्यावरचा दळवी त्यांच्या मागे लागला, "काका, मलापण शिकवा ना." बाबांनी हौसेने शिकवलं, आपल्या जागा दाखवल्या. पण या माणसाला धीर कुठला? तो संडास साफ करायचं ॲसिड आणून बिळांत ओतायला लागला. कुर्ल्या तडफडत वर यायच्या. त्या खायच्याही नाहीत, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे आणि कुर्ल्या तिथेच फेकायच्या.

एका रविवारी तो आमच्या आधी पोचला होता. बाबांनी नेहमीच्या बिळात हात घातला आणि किंचाळले. दळवीने त्यात नुकतंच ॲसिड ओतलं होतं. बाबा हात घालत होते तेव्हा हा शेजारी उभा राहून बघत होता, एका शब्दाने बोलला नाही... आणि वर म्हणतो, "काका, ग्लोव्हज घालायचे ना यार."

बाबांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची आखडली. आता ते चमच्याने जेवतात. सोसायटीवाले म्हणाले, शेजारी आहे, जाऊ दे. बाबाही तेच म्हणाले. मी मात्र तसं म्हटलं नाही. जिन्यात तो दिसला की मनात यायचं, याचं वाटोळं होऊ दे.

पावसाळा संपला तसे बाबा पुन्हा खाडीवर निघाले. मीही गेले. दळवी बाटली घेऊन तिथे हजर. त्याने एका बिळात ओतलं, काही वर येईना, म्हणून ग्लोव्हज घालून कोपरापर्यंत हात घातला.

"काका, मोठी आहे. धरलंय हिने," तो हसत म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. हात निघेना.

भरती सुरू झाली होती. चिखलात आडवा पडलेला दळवी माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, ओढ ना गं." मी शिवल्यांची पिशवी धरून उभी राहिले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

बाबा मात्र धावले. डाव्या हातात एक फळकूट धरून त्यांनी भराभर चिखल उपसला. दळवीचा हात मनगटापर्यंत उघडा पडला – आजूबाजूला दगड नाही, मूळ नाही, कुर्ली नाही. नुसता लिबलिबीत चिखल. तरी हात निघेना. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं, तो रडायला लागला.

बाबा त्याच्याशेजारी वाकले आणि हळूच म्हणाले, "राखणदारा, पुरे झाला. माज्या बोटांचा जा झाला ता झाला. सोड तेका."

हात अलगद बाहेर आला. ग्लोव्हला साधा ओरखडा नाही. ग्लोव्ह काढला तर आत दोन बोटं आखडलेली... बाबांची तीच दोन.

त्याच्या एक्स-रेत काही आलं नाही. डॉक्टर म्हणतात, नस दबली असेल. मग बोटं अजून का सुटत नाहीत, हे त्यांनाही सांगता येत नाही. मलाही नाही.

गेल्या आठवड्यात दळवीची बायको आमच्या दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काकांना एकदा खाडीवर येऊ दे ना गं. त्यांनी राखणदाराला सांगितलं तर हात सुटला तशी याची बोटं पण सुटतील." बाबा आत झोपले होते. मी तिला म्हटलं, बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि दार लावून घेतलं.

बाबांना उठवून विचारलं नाही. विचारलं असतं, तर ते लगेच चपला घालून निघाले असते.