माझी नसलेली तहान

आधीच सांगते, मी परतूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. भानामती, करणी, अंगात येणं... वर्गात असले विषय काढणाऱ्या पोरांना मी बाहेर उभं केलेलं आहे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा धाकटा भाऊ सुनील नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत होता. पिशवीवर उगवणीचे टक्के छापायच्या आधी दाणे भिजवून तपासायचं त्याचं काम. चाळिशीच्या आतच त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, हृदयही अशक्त झालं. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी फाईल चाळली. "खरं तर हृदय आणि किडनी एकदमच बदलायला हवं. ते इथे शक्य नाही. नुसती किडनी बसवली तर हे हृदय साथ देणार नाही. चान्स फार कमी. तुमची किडनी वाया जाईल, बाई."

वाया! मी काय उरलेली भाजी देत होते?

सुनील बाहेर येऊन हसला. "आक्का, कमी टक्क्याच्या लॉटमधले बी काही दाणे उगवतेतच की. मी कोणता दाणा हाय, ते डॉक्टरला काय ठाऊक?"

दुसरे एक डॉक्टर तयार झाले आणि मी किडनी दिली.

काही महिन्यांनी भर वर्गात मला तहान लागली. साधी नाही - घसा आतून सोलल्यासारखा. स्टाफरूममधल्या माठातलं पाणी पीत सुटले तरी जाईना. डायलिसिसच्या काळात सुनीलला पाणी मोजून मिळायचं, तेव्हा तो सारखा ओठांवरून जीभ फिरवायचा. तशीच माझी जीभ फिरत होती! एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला.

"मी बराबर हाय, आक्का. तू कशाला घाबरून राह्यली?"

मी मिळेल त्या गाडीने जालन्याला गेले आणि त्याला ओढत दवाखान्यात नेलं. त्याचं शरीर किडनी नाकारायला लागलं होतं. वेळेत औषधं बदलली, किडनी वाचली. तुम्हाला कसं कळलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, तर ते नर्सकडे बघून हसले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, आणि पुन्हा माझीच तहान खरी ठरली.

तिसऱ्या वेळी मात्र आदल्याच दिवशीचे रिपोर्ट चांगले होते. भरती करून घ्या म्हणून मी अडून बसले. डॉक्टर म्हणाले, "ताई, मशीन काही दाखवत नाही. तुमच्या तहानेवर मी पेशंट भरती करू?" सुनीलची बायकोही वैतागली. "आक्का, तुमच्या या तहानेपायी आमची पोरगी घाबरून राह्यली. आता बस करा." सुनील थकला होता. मंग घरी जाऊ म्हणाला.

त्याच दुपारी ऑफिसला जायला म्हणून शर्टाची बटणं लावताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. डॉक्टर मला काय म्हणाले माहितेय? "किडनी मात्र शेवटपर्यंत उत्तम होती." हे काय मला प्रशस्तिपत्रक होतं?

भेटायला आलेले मामा म्हणाले, "डॉक्टरनं आधीच सांगितलं न्हवतं? वाया गेली बिचारीची किडनी." मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. त्या वर्षांत त्याने मुलीला सायकल शिकवली, आईला खांदा दिला, हजारदा माझी चेष्टा केली. वाया म्हणे!

आता तुम्ही सांगाल, शुगर तपासा. तपासली, नॉर्मल आहे. मनाचा खेळ म्हणाल, तर मग ते दोन वेळचे रिपोर्ट कुणाच्या मनाचे?

त्याला जाऊन आता काही वर्षं झाली. परवा दुपारी पुन्हा तहान लागली. तशीच. पाणी पिऊन जाईना, जीभ ओठांवरून फिरायला लागली... मी फोन उचलला, त्याचा नंबर फिरवला आणि रिंग वाजायच्या आत आपटून ठेवला. इतका संताप आला!

आता मी कुणाला ओढत दवाखान्यात नेऊ?