डेस्कटॉपवरची बोअरची यादी

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही, खाज आहे. नागापूरच्या एका कारखान्यात आठवडाभर मशीनवर उभा राहतो आणि रविवारी आमच्या केडगावात कुणाच्या ना कुणाच्या घरी सीपीयूचं झाकण उघडून बसतो. रॅम काढून खोडरबरानं घासली की बंद पडलेला कॉम्प्युटर कधी कधी चालू होतो, हा शोध लागला तेव्हा मी आठवडाभर भेटेल त्याला पिडलं होतं. मग पेनड्राइव्हवरून चालणारी एक फुकट सिस्टीम सापडली. मशीन अडून बसलं तरी पेनड्राइव्ह लावला की आतल्या फायली दिसतात, दुसरीकडे उतरवून घेता येतात. तो पेनड्राइव्ह मी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून मिरवत असे. त्या दिवशीही तो माझ्या खिशात होता, हे आधीच सांगून टाकतो.

माझे मामा कर्जतजवळच्या एका गावात राहतात. बोअरमधल्या जळालेल्या मोटारी वर काढायच्या, नव्या सोडायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कुणाच्या रानात किती फुटांवर पाणी लागलं, कुठं नुसता फुफाटा उडाला, खाली मुरूम होता की काळा पाषाण, सगळं ते वह्यांत लिहून ठेवत. गावात नवा बोअर घ्यायचा म्हटलं की माणूस आधी मामांच्या ओट्यावर येऊन बसे. मामा वही उघडत, बोट फिरवत आणि सांगत, इथं घे, तिथं नको.

वह्यांना वाळवी लागेल, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्या, असा लकडा मीच लावला. एक जुना कॉम्प्युटर नेऊन दिला, मराठी टाइप करायला शिकवलं. पान्हे धरून जाड झालेल्या एका बोटानं मामांनी दोन हिवाळे टाइप केलं. झाल्यावर, आता वह्या रद्दीत घाला, असंही मीच म्हणालो. त्यांनी घातल्या.

पुढे एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "आरं, चालू हुतोय पन फुडं जाईना. नुसतं गोल फिरतंय."

मी गाडी काढली. पोचलो तेव्हा मामीनं तवा ठेवला होता. "तुमचं जेवण होईपर्यंत चालू करून देतो," मी ऐटीत म्हणालो आणि मामांना विचारलं, "डी मध्ये काय आहे?"

"नातवंडांचं फोटू हायेत."

"ते राहतील. सी फॉरमॅट मारतो."

"मार. तुला कळतं त्यातलं."

मामांना सी आणि डी मधला फरक ठाऊक नव्हता. कॉम्प्युटर लावल्याबरोबर समोर दिसावी म्हणून त्यांनी यादी डेस्कटॉपवर ठेवली होती, आणि डेस्कटॉप सी मध्येच असतो. हे मला माहीत होतं. यादी कुठं ठेवलीय, हे मी विचारलं नाही. खिशातला पेनड्राइव्ह लावून आत डोकावायला दहा मिनिटं लागली असती, पण मला मामांचं जेवण उरकायच्या आत जादू दाखवायची होती. आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सी पुसून नवी सिस्टीम टाकली. वर माझ्या आवडीची सॉफ्टवेअरं एकामागून एक भरली. मामा हात धुऊन आले आणि खुर्चीत बसले. "लई पळतोय की!" म्हणाले. मग जरा वेळानं, "बोअरची यादी कुठं गेली रं?"

खोडलेल्या फायली परत आणणारं सॉफ्टवेअर लावलं, तेही घाईत त्याच डिस्कवर. फाइल गेली की त्या डिस्कवर नवं काही टाकायचं नाही, हे मी सगळ्या केडगावला शिकवत आलो होतो. तासाभरानं यादीचं नाव सापडलं. उघडलं तर आत नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"डिस्क आधीच गेली होती, मामा," मी म्हणालो. "लाईटचा झटका बसलाय."

आमच्याकडे लाईटवर काहीही ढकललं तरी खपतं. मामा मान खाली घालून बसले. "परवा इजा चमकत हुत्या. पिन काढायची राह्यली. माझंच चुकलं बग."

"असू द्या, होतं असं," मी म्हणालो. म्हणजे वर मीच त्यांना माफ केलं. मग मामीनं वाढलेलं जेवलोसुद्धा.

मामांची नजर तोवर अधू झाली होती, पुन्हा सगळं लिहून काढणं शक्य नव्हतं. लोक विचारायला येतच राहिले. समोरच्या घरातल्या शेतकऱ्याला त्यांनी आठवणीवर जागा सांगितली. तिथं नुसती धूळ निघाली. मागाहून कुणाला तरी आठवलं, त्याच बांधाला त्याच्या बापाचाही बोअर कोरडा गेला होता. मामांच्या वहीत तो नक्की असणार.

तो शेतकरी ओट्यावर आला तेव्हा मी चहा पीत होतो. तो भांडला नाही. "तात्या, तुमी सांगितलं म्हनून घेतला," एवढंच तो मामांना म्हणाला. मामांनी त्याच्यापुढे हात जोडले. "माझ्या हलगर्जीपनानं यादी गेली. माफ कर." मी कपात बघत राहिलो.

यंदा भाऊबीजेला आईला घेऊन गेलो तेव्हा मला राहवलं नाही. मामांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. रडलोही. ते चिडतील, नाहीतर पाठीवर हात ठेवतील, असं वाटलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "त्येला जाऊन सांग. दोन वर्सं मी त्येच्यापुढनं खाली मान घालून जातोय. त्यो घरीच हाय आत्ता."

"जातो," मी म्हणालो.

निघताना आई मागे बसली. मी गाडीला किक मारली. मामा ओट्यावर उभे राहून बघत होते. समोरचं दार उघडं होतं आणि तो शेतकरी अंगणात खाटेवर बसला होता. मी मान वळवली नाही, सरळ केडगावच्या रस्त्याला लागलो.