न वाचलेल्या ओव्यांचा अर्थ

माणिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. त्याच्या पोराचा आवाज. "काका, आबा गेले…" एवढंच. मी तिथल्याच एका हॉटेलाच्या बाकड्यावर बसलो. एसटी आली आणि गेलीसुद्धा. आज त्याला दीड महिना झाला. लोक म्हणतात, वय झालं होतं, हाल न होता गेला, सोनं झालं. त्याचं झालं असेल हो. माझं काय?

आमच्या गावात दर श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा. वाचायला मी, सातवी पास, आवाज खणखणीत. अर्थ सांगायला माणिक, ज्याला स्वतःची सही सोडली तर एक अक्षर येत नव्हतं. बापाच्या मांडीशी बसून ऐकता ऐकता सगळी पोथी त्याला पाठ झालेली. मी चुकलो की हळूच चिमटा काढायचा आणि वर पुटपुटायचा, "डोळे असून काय उपयोग रे तुझा?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्याचा सगळा जीव जरासंधाच्या अध्यायात. कितीतरी राजे कोंडून ठेवून त्यांचा बळी द्यायला निघालेला हा मगधाचा राजा. कृष्ण, भीम आणि अर्जुन ब्राह्मणाच्या वेशात त्याच्या घरात शिरतात, त्यानं पाहुणे म्हणून मांडलेली पूजा नाकारतात आणि मग आपण कोण ते सांगतात. माणिकला भीमाच्या कुस्तीचं फारसं कौतुक नव्हतं. तो म्हणायचा, "मारणं ही पुढची गोष्ट. आधी त्याच्याच घरात, त्याच्या तोंडावर सांगितलं, राजे सोड न्हाई तर लढ. माणसं तीन, हातात काठी बी न्हाई. अन् तुमी नुस्तं व्हय व्हय करून राहिले!"

तो स्वतःही तसाच होता, हीच तर पंचाईत. गावातल्या एका बड्या जमीनदारानं, त्याला आपण बापूसाहेब म्हणू, कालव्याकडं जाणारी गाडीवाट नांगरून आपल्या रानात घातली. पलीकडच्या चार घरांची बैलगाडी बंद झाली. माणिकचं रान तिकडं नव्हतंसुद्धा. तरी हा बापूसाहेबांच्या ओसरीवर जाऊन तोंडावर बोलून आला, आणि त्या चौघांकडून तहसीलला अर्ज करवला. साहेब पाहणीला आले. माझा बांध त्या वाटेला लागून, म्हणून त्यांनी मला विचारलं, इथं वाट होती का? बापूसाहेब समोर उभे. मी म्हणालो, "आठवत न्हाई साहेब." लहानपणापासून त्याच वाटेनं गेलो होतो मी! माणिक माझ्याकडं नुसता बघत राहिला. अर्ज फेटाळला गेला.

त्या श्रावणात तो अध्याय आला तेव्हा बापूसाहेब अगदी पुढं बसलेले. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तोंडावर सांगण्याच्या त्या ओव्या मी गाळल्या, पान उलटून थेट कुस्तीवर आलो. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणिकनं चिमटाही काढला नाही. न वाचलेल्या ओव्यांचा अर्थ तो सांगायला लागला, एकेक करून, जणू मी त्या वाचल्याच होत्या. मग म्हणाला, "हां, वाच पुढं." त्यावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही आज माफी मागू, उद्या मागू करत आठ वर्षं काढली… भेकडासारखी.

यंदा तो अध्याय आला. मी एकही ओवी गाळली नाही. वाचून सवयीनं थांबलो. अर्थ सांगायला माणिक नव्हता. बापूसाहेब आता म्हातारे, खांबाला टेकून बसलेले. मग मीच बोललो. "गाडीवाट होती. मी साहेबापुढं खोटं बोललो. उद्या तहसीलला जाऊन लिहून देतो." बापूसाहेब उठून चालते झाले. कुणीतरी मागून "बराबर हाय" म्हणालं.

आरती झाल्यावर मी बायकांच्या बाजूला गेलो. माणिकची बायको, शांतावहिनी, तिथं बसलेल्या होत्या. मला वाटलं, रागावतील, तोंड फिरवतील. त्यांनी डोळे पुसले.

"भाऊजी, दर साली या दिवशी घरून निघताना ते मला म्हणायचे," वहिनी म्हणाल्या, "बघ, आज बोलंल तो."