शेळीच्या लोकरीचं घोंगडं

कोऱ्हाळ्याच्या बिरू धनगराला लागोपाठ चौथी मुलगी झाली, तेव्हा त्यानं तिचं नाव ठेवलं नकोशी. म्हणजे देवानं काय ते समजून घ्यावं आणि पुढचा तरी मुलगा द्यावा. देवाला काय समजलं ते देव जाणे, पाचवीही मुलगीच झाली! नाव मात्र हिलाच चिकटलं ते चिकटलं.

मावशीनं तिला सांगवीला नेऊन तीन बुकं शिकवली. लग्न होऊन लासुर्ण्याला आली तोवर सासरची मेंढरं विकून झाली होती, आणि पाटाच्या पाण्यावर वांगी-मिरची पिकत होती. दिवसभर हातात खुरपं. पण कागदाचा चिटोरा दिसला की बाई वाचल्याशिवाय सोडायची नाही. सासू सरुबाई म्हणायची, "मिठाच्या पुडीचा कागद बी सोडत न्हाय ही. मीठ सांडलं तरी चालंल!"

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात इंदापूरचे महिपती मास्तर गावात आले. पुण्याच्या एका मंडळाला गावोगावची गाणी आणि चालीरीती लिहून हव्या होत्या. मास्तरांचं म्हणणं, बाहेरच्यानं येऊन लिहिण्यापेक्षा गावच्याच माणसांना शिकवू. मारुतीच्या देवळात शिकायला दोघंच आले. एक पाटलाचा आबाजी, बारामतीच्या बोर्डिंगात वाढलेला, फायनल पास. दुसरी खांबाआड बसलेली नकोशी.

"धनगराची बाई लिवणार? मग मेंढरं वाचणार व्हय?" असं पारावर बोलणं झालंच. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

मास्तरांनी नियम एकच सांगितला. "कानावर पडेल तसं कागदावर. सुधारायचं नाही. माणूस 'हाय' म्हणाला तर 'हाय'च लिहा. कळलं नाही तर विचारा, मनचं घालू नका. ज्याची वही खरी उतरेल ती गावाच्या नावानं पुण्याला जाईल."

झालं! आपल्या हातचं अक्षर पुण्याला जावं, हे नकोशीच्या मनानं घेतलं. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "जा की. पर वांग्याला पाणी देऊन जा."

ओव्या सांगायला होता गेणबा धनगर, नात्यानं तिचा चुलतसासरा. सत्तरीचा म्हातारा, पण बिरोबाच्या ओव्या म्हणायला लागला की आवाज शिवेपलीकडं जायचा. आबाजीचा टाक झरझर चालला. नकोशीचा हात जड. दर दोन ओळींना तिचं आपलं, "तात्या, थांबा. परत म्हना."

"आगं, गानं हाय का मोट हाय, सारखं थांबाया?" गेणबा करवादला. आबाजी गालात हसला. त्यानं आठ दिवसांत एकदाही काही विचारलं नाही.

नवव्या दिवशी देवळात वाचन झालं. गाव लोटलं होतं. मास्तरांनी आधी आबाजीची वही उघडली. अक्षर मोत्यासारखं, भाषा एकदम शुद्ध. "बिरोबा शेळ्या घेऊन माळावर गेला. त्याने शेळ्यांची लोकर कातरली व तिचे घोंगडे विणले."

"आरं माझ्या कर्मा!" गेणबानं कपाळावर हात मारला. "शेळीला लोकर? आबाजी, थंडीत ह्याच घोंगड्यात तुला निजवतो!"

देवळात हसून हसून पुरेवाट झाली. आबाजी लालबुंद. "तुम्हीच बकरी म्हणाला होता. बुकात बकरी म्हणजे शेळीच."

"आमी धनगर मेंढरालाच बकरी म्हंतो. शेळीला म्हंतो शेरडू. इचारायचं हुतं!"

मग नकोशीची वही. अक्षरं वाकडीतिकडी, शाईचे डाग. पण पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "बकरी म्हंजी मेंढरं. तात्याला इचारलं." मास्तर वाचू लागले आणि गेणबाचे ओठ हलू लागले. जिथं तो 'जी' म्हणून थांबायचा, तिथं वहीतही 'जी' होतं. दुसऱ्या पानाला तर म्हातारा मास्तरांच्या बरोबरीनं गाऊच लागला.

"माझ्याच तोंडातलं हाय," तो म्हणाला. "एक शबुद हलवला न्हाय पोरीनं."

मास्तरांनी पुठ्ठ्यावर लिहिणाराचं नाव घालायला टाक उचलला आणि अडखळले. "नकोशी... पुण्याच्या मंडळींपुढं हे बरं दिसत नाही. सुशीला घालू का?"

नकोशी खांबाआडून पुढं आली. "सुधारायचं न्हाय, असं तुमीच शिकवलं न्हवं, मास्तर? जसं हाय तसं लिवा."

मास्तरांनी टाकच तिच्या हातात दिला. तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, नकोशी, मुक्काम लासुर्णे. मागून सरुबाई साऱ्या देवळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "सून हाय माझी!"

वही पुण्याला गेली. पंधरवड्यानं बातमी ऐकून कोऱ्हाळ्याहून बिरू आला. भाकरी खाता खाता त्यानं हळूच विचारलं, "नाव काय घातलंस गं?"

"तुमी ठिवलं त्येच, आबा."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. मग हात धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगू लागला, "माझी नकोशी पुण्याला गेलीया. माझी लेक हाय ती."