मावशीचे परदेशी खेळाडू

माझ्या मावशीला नाही म्हणायची हिंमत आख्ख्या अंबरनाथात कुणाला झाली नाही. ती झाली फक्त इंग्लंडच्या गृहखात्याला, आणि तेही एका कॉम्प्युटर गेममधल्या. एका मोठ्या कारखान्याच्या आस्थापना विभागात तिने तीस वर्षं काढली होती. गॅसवाला, वीजवाला, बँकेतला कॅशियर, कुणीही नकार दिला की ती पर्समधलं पेन काढून त्याच्यासमोर धरायची आणि शांतपणे म्हणायची, "हेच लेखी द्या." पेन हातात घेण्याआधीच लोकांना काहीतरी मार्ग सुचायचा. चौथं सीट भरल्याशिवाय हलणार नाही म्हणणाऱ्या शेअर रिक्षावाल्याकडेही तिने लेखी मागितलं होतं. तो बिचारा तीन सीटवर निघाला.

निवृत्तीनंतर तिने अंबरनाथच्याच पालेगावात फ्लॅट घेतला. चार मजल्यांची नवी इमारत, पण माणसं राहायची खालच्या तीनच घरांत. बाकीच्या खिडक्यांना काचा होत्या, पडदे नव्हते. दुपारी जिन्यात खोकलं तर तो खोकला वरपर्यंत जाऊन परत यायचा. रिकाम्या घरांच्या चाव्या बिल्डरने मावशीकडेच ठेवल्या होत्या. मी तेव्हा जवळच कात्रपला राहून डिप्लोमा करत होतो. आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, तिच्याकडे होता, म्हणून दर शनिवारी दुपारी मी तिच्याकडे. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून मी एका गेमची सीडी आणली. त्यात आपण फुटबॉल क्लबचे मॅनेजर व्हायचं. परदेशी खेळाडू घेतला तर त्याला इंग्लंडमध्ये कामाचा परवाना लागायचा, आणि आपल्या देशाकडून तो पुरेशा मॅच खेळलेला नसला तर परवाना नाकारला जायचा. असाच एक नकार वाचून मी कपाळाला हात लावला, तेव्हा मावशीने मागून विचारलं, "अपील केलंस का?"

तेव्हापासून मॅच माझ्या आणि परवाने तिचे. प्रत्येक खेळाडूची ती पुठ्ठ्याची फाइल करायची, आत इंग्रजीतला अर्ज, खाली कार्बन कॉपी. अर्ज स्क्रीनला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मग अपिलाचं बटण दाबायची. मंजूर. मी म्हणायचो, अगं, हा कागद तिकडे पोचत नाही. ती म्हणायची, आपल्या आजोबांना जातीमुळे शाळेच्या दाराबाहेर बसवलं होतं, ते वर्गात आले ते एका अर्जामुळे, कागदाला हलकं समजू नकोस. एकदा मी गुपचूप गेमचा आधी साठवून ठेवलेला सेव्ह पुन्हापुन्हा उघडून एकच अपील आठ वेळा केलं. आठही वेळा नामंजूर. नवव्यांदा तिने चष्मा पुसून बटण दाबलं आणि परवाना आला. मी हसलो खरा, पण तो सेव्ह पुन्हा उघडला नाही.

पुढे तिने परवान्याची वाट बघणाऱ्या खेळाडूंना क्वार्टर्स द्यायला सुरुवात केली. कारखान्याच्या कॉलनीत देतात तशा. वरच्या रिकाम्या घरांच्या दारांवर तिच्या सुरेख अक्षरातल्या चिठ्ठ्या दिसू लागल्या. ममादू नावाच्या सेनेगलच्या खेळाडूला चारशे दोन मिळाली. हा ममादू खरा नव्हता, गेमनेच बनवलेला. फोटोच्या जागी नुसती करडी सावली. मावशी त्या सावलीकडे फार वेळ बघत बसायची.

एका शनिवारी भर दुपारी वीज गेली. स्क्रीन काळा पडला, पंखा थांबला, आणि त्या शांततेत वरून बॉल आपटल्याचा आवाज आला. सावकाश, एकसारखा. मावशीने छताकडे बघितलं आणि म्हणाली, "आज लवकर आला."

मी वर गेलो. चारशे दोनला कुलूप, कुलपावर धूळ, पॅसेजच्या धुळीत ताजे ठसे फक्त माझ्या चपलांचे. आवाज थांबला होता. मी वळलो तेवढ्यात तो परत सुरू झाला, पण आता खालून, मावशीच्या घरातून. धावत उतरलो. ती जागची हललीही नव्हती. काळ्या स्क्रीनसमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. म्हणाली, "गेला का?"

वीज आली. तिने ममादूचा अर्ज वाचला, बटण दाबलं. नामंजूर. अपिलावर अपील नसतं. मला वाटलं ती चिडेल. तिने फक्त फाइलची नाडी बांधली आणि बोलायला लागली.

कारखान्यात एक कामगार वारला होता. त्याच्या जागेवर नोकरी मिळावी म्हणून त्याची बायको कित्येक महिने दुपारी येऊन व्हरांड्यात उभी राहायची. एका दाखल्यावर सही राहिली होती. अर्ज नामंजूर झाला. "ते पत्र मी लिहिलं," मावशी म्हणाली. "सहीसुद्धा माझी. दुपार झाली की अजून कुणीतरी दाराबाहेर उभं असल्यासारखं वाटतं. इथे राहायला आले तरी."

ती बाई कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात असते, एवढं तिला माहीत होतं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो. चार गल्ल्या विचारत फिरलो. पोटमाळ्यावरच्या एका खोलीत ती बाई निळ्या पँटींच्या ढिगाशी बसून शिलाईचे दोरे कापत होती. मावशीने आपण कोण ते सांगितलं, पत्राचंही सांगितलं.

"मला वाटलं, साहेबांनी केलं," ती बाई म्हणाली.

"नाही. मी."

शेजारी मशिनी चालूच होत्या. त्या बाईने एक स्टूल पायाने पुढे सरकवलं. मावशी बसली. आली होती माफी मागायला. तिने ढिगातली एक पँट ओढली, समोरची कात्री घेतली आणि दोरे कापायला लागली. त्या बाईने तिला अडवलं नाही, फक्त कुठून कापायचं ते एकदा दाखवलं.

मी दारात उभा होतो. मावशीला दोरा दिसत नव्हता. पँट डोळ्यांजवळ धरून ती हळूहळू कापत होती. मला ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारी दिसली.