न मोजलेल्या वाती

सिंदी मेघेत आमच्या समोर राहणाऱ्या बाई तहसील ऑफिसातून रिटायर झाल्या आणि अंगणात कापूस घेऊन बसू लागल्या. पोळ्या आटोपल्या की सरकी काढायची, बोटांना राख लावायची आणि वाती वळत राहायचं. तेवढा वेळ फोन बंद, बोलणं बंद. टाकी भरून वाहू लागली तरी उठायच्या नाहीत. मी फाटकातून ओरडायचो, त्या नुसती मान हलवायच्या.

"लाख वातींचा नेम आहे काय?" मी एकदा विचारलं.

"मोजाचं कायले, भाऊ? आयुष्यभर ऑफिसात तेच केलं. एका वातीले एक माणूस आठवाचा, त्याचं बरं होऊ दे म्हणाचं, अन् पुढची घ्याची."

मला ते रिकामपणाचं काम वाटायचं.

पलीकडच्या घराशी त्यांचा जुना अबोला होता. यांच्या टाकीचं पाणी नालीतून त्यांच्या दारापुढे साचतं, हे त्याचं कारण. एका सकाळी बाईंचा हात मध्येच थांबला. अर्धी वात बोटांत धरूनच त्या उठल्या, अनवाणी पलीकडच्या फाटकाशी गेल्या आणि तिथल्या बाईंना म्हणाल्या, "रोज तुमच्या वातीपाशी येऊन माहा हात अडून राह्यला. चाला, सरकी काढू लागा."

त्या आल्या.

टाकी अजूनही वाहते. पाणी त्याच नालीतून त्याच दारापुढे साचतं, आणि दोघींपैकी एकही उठत नाही. मोटर मी जाऊन बंद करतो.