कानातली बाई

कचेरीतून निवृत्त झाल्यावरही सगळे तिला टायपिस्टबाईच म्हणत. लग्न केलं नव्हतं, आईवडील केव्हाच गेले. एक बहीण होती, तीही फोनपुरती.

पुढे एका संशोधक बाईंनी तिला घरबसल्या काम दिलं. त्या तुरुंगात जाऊन तिथल्या बायकांना बोलतं करत. घरात काय सोसलं, पोलिसांनी काय केलं, आत आल्यावर काय झालं. त्याचं रेकॉर्डिंग ऐकून टायपिस्टबाईने शब्दन् शब्द टाइप करायचा. अट एकच, ऐकलेलं कुणाजवळ बोलायचं नाही.

"कसलं टायपिंग गं?" बहीण विचारायची.

"सरकारी. रटाळ अगदी."

दार लावून, हेडफोन घालून ती बसे. कुणी रडायचं, कुणी शिव्या हासडायचं. एक बाई मात्र हसत सांगायची. नवऱ्याने हातावर खुर्ची घालून मनगट मोडलं, तुरुंगात पहारेकरणीने नेमकी त्याच हातावर काठी मारली, आणि दर वाक्यामागे ते कोरडं हसू. हसण्याचं काय टाइप करावं, टायपिस्टबाईला कळेना. शेवटी 'हसते' असं लिहून ती उठली आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली.

वर्षभराने ती डोळे तपासायला दवाखान्यात गेली. थेंब घालून सगळ्यांना बाकावर डोळे मिटून बसवलं होतं.

"मावशी, जरा सरकता का?" शेजारून आवाज आला, आणि पाठोपाठ ते हसू.

तेच, हेडफोनमधलं. टायपिस्टबाई सरकली.

"सोबत कुणी नाही का तुमच्या?" शेजारणीने विचारलं.

"नाही. तुमच्या?"

"माझ्या कोण येणार! बरीच वर्षं बाहेरगावी होते ना, विसरले सगळे." पुन्हा हसू. "आता घरी थेंब घालायचे म्हणजे पंचाईतच. हा हात धड वळत नाही. जिन्यावरून पडले होते."

जिना नव्हता, खुर्ची होती. टायपिस्टबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"फार दुखलं असेल," ती एवढंच म्हणाली.

शेजारीण या वेळी हसली नाही. म्हणाली, "हो. फार."

तेवढ्यात शेजारणीला आत बोलावलं. टायपिस्टबाईने डोळे उघडले, पण धुरकट उजेडात हिरव्या कपड्यातली एक पाठ तेवढी दिसली. स्वतःची तपासणी उरकून ती बाहेर आली, तेव्हा बाकावर दुसरंच कुणी बसलं होतं. तरी ती फाटकापाशी थोडी रेंगाळली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "एवढी गर्दी असते तिथे. कुणी भेटलं का ओळखीचं?"

"मला कोण भेटणार गं?"

बहिणीने फोन ठेवला.